तात्यांची फोनपारख

बावड्यात सोयरिकी जुळवणाऱ्या एका म्हाताऱ्याला सगळे तात्याच म्हणतात. स्वतःकडं बटणांचा फोन, पण मुलगा जोखणार त्याच्या फोनवरून. "अमेरिकन असला की पोरगं पुण्यात नोकरीला, कोरियन असला की घर बागायती, आन् चिनी असला की पोरगं काटकसरी," असं बशीत चहा ओतता ओतता सांगतात. मला हसू यायचं. पण गावही तसंच मानतं.

परवा माझ्या बहिणीसाठी आम्ही तात्यांना घेऊन इंदापूरला मुलाचं घर बघायला गेलो. मुलानं महागडा अमेरिकन फोन, कंपनीची खूण दिसेल असा, टेबलावर पालथा ठेवला. मी तिथंच खूश. तात्या मात्र त्याच्या आईकडं वळले. "वैनी, तुमचा नंबर द्या की." बाईंनी संकोचून फोन काढला. काच तडकलेली, झाकणाला रबरबँड.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "पोराचा न्हाय, त्याच्या आईचा फोन बघायचा. हितं पोरगी द्यायची न्हाय."

घरी आलो तर आई माझ्या जुन्या फोनवर मामाशी बोलत होती, स्पीकर लावून. कानाला लावला की त्यात ऐकू येत नाही. स्पीकर कसा लावायचा, हे तिला मीच शिकवलं होतं.