माझ्या बल्बचे आठशे ओहम

काकूचा भात लवकर शिजायला लागला आणि माझ्या अभ्यासाची वाट लागली.

कांजूरमार्गच्या चाळीतली आमची खोली आजोबांची. मध्ये पडदा. अलीकडे आई आणि मी, पलीकडे काका, काकू आणि बारावीला आपटलेला चुलतभाऊ. बाबा गेल्यापासून बोलणं फक्त टोमण्यांपुरतं उरलं होतं. मीटर मात्र सगळ्यांत एकच. काकूकडे विजेची शेगडी होती, उघड्या कॉइलची. कॉइल तुटली की काकू जळकं टोक तोडून फेकायची, उरलेली तार ताणून पीळ मारायची आणि पुन्हा खाचांत बसवायची. "माझ्या हाताक गुण आसा," ती मिरवायची, "जोडलंय की भात बेगीन होता."

त्याच सुमारास फ्यूज उडायला लागला. दोष कुणाचा? माझ्या साठ वॅटच्या बल्बचा! माझी बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि काकांनी फर्मान काढलं, "उद्यापासून तुझा बल्ब बंद. लोड येतो."

माझं डोकं सटकलं. पुस्तक घेऊन पडद्यापलीकडे गेले. काका कचेरीत कारकून. आपल्याला सगळं कळतं, या समजुतीतच पुढे निवृत्त झाले. मी त्यांना सांगितलं, व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की पॉवर. शेगडी नवी होती तेव्हा हजार वॅटची. दोनशे तीस व्होल्टला सव्वाचार अँपिअरच्या आसपास ओढायची, म्हणजे रेझिस्टन्स त्रेपन्न ओहम. तोडून तोडून तारेचा पाचवा हिस्सा गेला, तर बेचाळीस उरला. अडथळा कमी झाला, म्हणून करंट साडेपाचच्या घरात आणि पॉवर साडेबाराशे. भात त्यामुळे लवकर होतो, हाताच्या गुणाने नाही. आणि फ्यूजची तार पाच अँपिअरची.

"आणि तुझा बल्ब?"

"पाव अँपिअर. रेझिस्टन्स आठशे ऐंशी ओहम."

काकांचा चेहरा खुलला. "बघ! शेगडी बेचाळीस आणि तुझा बल्ब आठशे ऐंशी. स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस ना?"

"अहो काका, रेझिस्टन्स म्हणजे अडवणं! जास्त अडवतो तो कमी ओढतो."

"माका शिकवू नको गो. आठशे म्हणजे आठशे."

काकू फिदीफिदी हसली. काकांनी स्टुलावर चढून बल्ब काढला आणि माळ्यावर टाकला. बरोबर उत्तर देऊन मी हरले होते. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूचा भात अर्धा कच्चा असताना फ्यूज उडाला. काळोखात मी मोठ्याने विचारलं, "काका, आता आठशे कुणाचे?"

मेणबत्ती लावून त्यांनी फ्यूजमध्ये दुहेरी तार घातली, जास्त करंट झेपेल अशी. वीज आली, शेगडी पुन्हा लाल झाली. आई म्हणाली, "भावजी, द्या ना आता पोरीचा बल्ब."

काका खाली बघत राहिले. म्हणजे हिशेब त्यांना कळला होता. बोलली ती काकू. "ऱ्हवांदे माळ्यार. आमचो झील नापास झालो, हिका पास होवन खंय जावचा आसा?"

असं होतं तर! मी स्टूल ओढलं, माळ्यावरून बल्ब काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत होल्डरमध्ये बसवला.

"आता हात लावून दाखवा," मी म्हटलं.

काकू आणि मी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो आणि तिकडे साडेबाराशे वॅटवर काकूचा भात करपला.