छताला धरलेला लॅपटॉप

मिस्त्रीने आयुष्यात माणसावर एकदाच हात उचलला होता, आणि त्या एकदात मेहुण्याचे दोन दात पाडले होते.

बहीण जिना उतरून दुकानात आली होती. एका कानावर हात. मिस्त्रीने विचारलं तर तिला ऐकूच आलं नाही. तो स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून वर गेला आणि त्याची मूठ मेहुण्याच्या तोंडावर हाणली. दोनदा. मेहुण्याने दात तळहातावर थुंकले, कागदात बांधले आणि थेट पोलीस चौकी गाठली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात, तर या चोराच्या पुडीत दात होते. बहिणीच्या कानाचा पडदा आतून फाटलेला. तो कोणाला दाखवणार?

मिस्त्री चार दिवस आत बसला. सुटताना लिहून द्यावं लागलं की वर्षभर त्या जिन्याची एक पायरीही चढणार नाही.

त्याचं दुकान तळमजल्यावर, बहिणीचं घर बरोबर त्याच्या डोक्यावर. लग्नानंतर ती जागा त्यानेच मिळवून दिली होती. आईबाप लवकर गेले. ही बहीण, बारकी, त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान. तिला त्यानेच वाढवली, दुकानातल्या टेबलाखाली स्क्रू वेचायला लावून. डोळ्यांसमोर राहील, असा त्याचा हिशोब होता.

तो जुने लॅपटॉप जिवंत करायचा. इतरांनी हात टेकलेलं मशीन घ्यायचा, धूळ काढायचा, लिनक्स घालायचा आणि परत पाठवायचा. त्याची एक पद्धत होती. दरवेळी सगळं नव्याने मांडत बसायचं नाही. एक डिस्क एकदाच नीट लावून ठेवली होती. तिचीच हुबेहूब नक्कल प्रत्येक मशीनमध्ये उतरवायची. नाव तेच, पासवर्ड तोच, आतला फोल्डरन् फोल्डर तोच. वीस मिनिटांत काम फत्ते. गिऱ्हाइकाला तो सांगायचा, घरी गेल्यावर पासवर्ड बदला. बाकी कशाचीच कोणाची तक्रार आली नव्हती. बारकीला लग्नात दिलेला लॅपटॉपही त्याच साच्यातला.

मेहुणा कारखान्याच्या गेटवर झडती घ्यायचा. पाळी सुटली की कामगारांचे खिसे, डबे, बुटांचे तळवे. माझ्या गेटमधून सुई जात नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. घरीही तो तीच नोकरी करत असे. कामाला जाताना बाहेरून कुलूप. फोन त्याच्या खिशात, इंटरनेटचं डबडं त्याच्या पिशवीत. खिडक्यांना बारीक जाळी. लॅपटॉप तेवढा घरात राहायचा, कारण बारकी विद्यार्थ्यांचे प्रबंध टाईप करायची आणि ते तोच पोचवायचा.

त्या लॅपटॉपला माइक आहे, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बारकीच्या आलं होतं. मिस्त्रीला जिनाबंदी झाल्यानंतरच्या पाच महिन्यांत तिने चौदा वेळा मार खाताना तो चालू ठेवला.

पहिल्यांदा तिने पेनड्राइव्हवर प्रयत्न केला. साबणाची वडी कोरून तो आत बसवला. मेहुण्याने साबण उचलला, हातात तोलला आणि हसला. मग पेनड्राइव्ह दाराच्या फटीत ठेवला, त्यावर तिची दोन बोटं ठेवली आणि दार लावलं. पेनड्राइव्ह आधी फुटला की बोटं, हे तिला सांगता आलं नाही. त्यात काय होतं ते त्याने विचारलं. ती प्रबंध म्हणाली. त्याने दार पुन्हा लावलं.

हे मिस्त्रीला कळलं ते न्हाणीघराच्या झरोक्यातून. दोन्ही न्हाणीघरांना एकच उभी पोकळी होती; वरच्या तोंडाला मेहुण्याने तिथेही बारीक जाळी ठोकलेली, आवाज तेवढा जायचा. मेहुणा गेला की ती वरून बोलायची, तो खालून ऐकायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो, हे त्याला त्या भोकातून रोज समजत होतं. बारकीच्या बाजूने लढणाऱ्या वकीलबाईंचं म्हणणं एकच: परवा सुनावणी आहे, माझ्याकडे तिच्या शब्दाशिवाय काही नाही, ऐकू येईल असं काहीही आणा.

तोड मिस्त्रीनेच काढली. दोन लॅपटॉप एकमेकांशी थेट बिनतारी जोडता येतात. मध्ये इंटरनेट लागत नाही, डबडं लागत नाही, तार लागत नाही. झडती घ्यायला हाताला काही लागतच नाही. त्याने झरोक्यातून एकेक आज्ञा अक्षर अक्षर सांगितली, तिने वाफाळलेल्या आरशावर बोटाने लिहून पाठ केली. नेटवर्कचं नाव ठरलं. त्याच्या मशीनचा पत्ता सांगितला: शेवटचा आकडा पाच. तिकडे पाठव, की माझ्या ‘आवक’ नावाच्या फोल्डरमध्ये येईल. गेलं की मूळ फायली पुसून टाक. मेहुणा हल्ली लॅपटॉप उघडून बघू लागला होता.

“आणि दादा, एक ऐक,” ती म्हणाली. “वरून काहीही ऐकू आलं तरी फायली उतरेपर्यंत तू वर यायचं नाहीस. मागच्या वेळी तू आलास आणि केस त्याची झाली.”

तो हो म्हणाला. तिने शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मधला स्लॅब जाड होता. टेबलावर सिग्नल येईना. स्टूलवर उभं राहून, लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर, छताला जवळजवळ टेकवून धरला, की येत होता. तोही एकाच जागी, वरच्या स्वयंपाकाच्या ओट्याखाली, जिथे बारकीचं मशीन होतं. दोन्ही मशीन जोडल्याची खूण दिसली. तो उतरला, झरोक्यात गेला आणि म्हणाला, मी परत वर धरतो, तू पाठव.

तो स्टूलकडे वळतो तोच वरून आवाज आला. “गेल्या.”

“इतक्यात?”

“चौदाच्या चौदा. डोळ्याचं पातं लवायच्या आत. दादा, तुझं मशीन म्हणजे घोडा आहे.” ती हसली. कितीतरी दिवसांनी. “पुसल्याही मी.”

मिस्त्रीने ‘आवक’ उघडलं. रिकामं.

त्याने पुन्हा उघडलं. मग तो तिथेच, न्हाणीच्या ओल्या फरशीवर बसला.

साचा एक होता. पासवर्ड एक, नाव एक, आणि पत्ताही एकच. पाच. तो आकडा त्याने कधीकाळी त्या मूळ डिस्कमध्ये कायमचा लिहून ठेवला होता, आणि तो प्रत्येक नकलेबरोबर उतरत गेला होता. गिऱ्हाइकांची मशीनं एकमेकांशी अशी कधी जोडलीच गेली नाहीत, म्हणून वीस वर्षांत कोणाला पत्ता लागला नाही. बारकीने पाचला पाठवलं. पाच तर तिचंच मशीन. ज्याने पाठवलं त्यालाच पोचलं. म्हणून घोडा.

आणि मूळ पुसलेलं.

पण पोचलेलं कुठेतरी असणार. तिच्याही मशीनमध्ये ‘आवक’ नावाचा फोल्डर होताच, साच्यातला. फायली तिथे पडल्या असणार. मिस्त्री उभा राहिला आणि झरोक्यात तोंड घालून म्हणाला, काही पुसू नकोस, झाकण लावू नकोस, हातच लावू नकोस, मी खालून ओढून घेतो.

 त्याच क्षणी वर कुलपात किल्ली फिरली. कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद पडलं होतं आणि पहिली पाळी घरी सोडली होती.

मिस्त्रीने आपला आकडा बदलून सहा केला. तिच्या मशीनचा पासवर्ड त्याला माहीत होता, त्याचाच होता. स्टूलवर चढून त्याने ‘आवक’ची यादी मागितली आणि मशीन छताला लावलं. चौदा नावं आली. लॅपटॉप खाली घेऊन ओढायची आज्ञा दिली. पुन्हा डोक्यावर धरला. मान मागे टाकली की पडद्याची कड दिसायची. पहिली फाइल. चार टक्के. सात.

वर आधी बोलणं. मग लॅपटॉप का चालू आहे, हा प्रश्न. तिने प्रबंध म्हटलं असावं. मग ती ओट्यावर आपटली. मिस्त्रीच्या तळहातांना ते लॅपटॉपमधून लागलं.

दुसरी फाइल. तिसरी.

पट्ट्याचा आवाज त्याला ओळखता यायचा. पट्टा हवेत असताना आवाज नसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं, आता कळलं. मध्ये एक पोकळी असते आणि मग तो लागतो. डबे पडले. काहीतरी फरशीवरून ओढत नेलं गेलं; ते काहीतरी रडत होतं. मेहुणा मोजत होता. गेटवर माणसं मोजायचा तसा, एकसुरी. कोणाशी बोलत होतीस? चार. कोणाशी बोलत होतीस? पाच.

मिस्त्रीने लॅपटॉप खाली घेतला. तो स्टूलवर ठेवून धावावं म्हणून एक पाय जमिनीवर टाकला. सहावी फाइल थांबली. सिग्नल गेला. त्याने पुन्हा चढून मशीन छताला लावलं. सहावी पुढे सरकली.

त्याने रिकामे खोके बघितले. त्यांवर ठेवलं तरी हातभर कमी पडत होतं. हात गळून पडले असते तर बरं, मग धावता तरी आलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

आठवी. नववी. खांदे पेटले, मग बधिर झाले. तिचा आवाज येणं थांबलं होतं. मारण्याचा थांबला नव्हता. ते ऐकवेना. ती ओरडावी म्हणून तो देवाची करुणा भाकत होता, हे त्याने पुढे वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या लिहायच्या थांबल्या.

अकरावी पूर्ण झाली. बारावी एकोणतीस टक्क्यांवर असताना त्याच्या डोक्यावर काहीतरी जोरात फुटलं. छताची पांढरी भुकटी त्याच्या डोळ्यांत आणि कीबोर्डवर पडली. जोडणी तुटली. दुसऱ्या टोकाचा लॅपटॉप आता नव्हता.

तेव्हा तो धावला. न चढण्याचं लिहून दिलेल्या वीस पायऱ्या चढून गेला. दार नुसतं लोटलेलं होतं.

बारकी ओट्याच्या पायाशी होती. डावा हात कोपराच्या पुढे भलतीकडे वळलेला. डोळे उघडे, हलणारे. मेहुण्याच्या हातात लॅपटॉपचा खालचा अर्धा भाग होता, एका कडेला केस चिकटलेले.

“या मेहुणे,” तो म्हणाला. “पायरी चढलात ना?”

मिस्त्रीने मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं वळेनात. अकरा मिनिटं वर धरलेले हात त्याच्या खांद्यांना नुसते लोंबत होते. चेहरा झाकायलाही ते वर आले नाहीत. पहिला फटका गालाच्या हाडावर बसला, दुसरा डाव्या डोळ्यावर. तुटलेल्या प्लास्टिकची धार होती. त्याने डोक्याने मेहुण्याच्या पोटात ढुशी दिली, तेवढंच. दोघे दारातून जिन्यावर कोसळले. तिसरा, चौथा फटका शेजाऱ्यांनी पाहिला. इतके महिने कानांवर हात ठेवून बसलेली माणसं रक्त जिन्यावरून आपापल्या उंबऱ्यापर्यंत आल्यावर बाहेर आली, आणि चार जणांनी मेहुण्याला धरला.

मिस्त्रीच्या अंगावर जखमा होत्या. मेहुण्याच्या अंगावर एकही नव्हती. बधिर हातांनी केलेलं हे काम वकीलबाईंना फार मोलाचं वाटलं. मिस्त्रीला नाही.

सुनावणीला बारकीचा हात गळ्यात आणि मिस्त्रीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी. तो डोळा पुढे गेलाच. न्यायाधीशांनी आधी विचारलं ते अट मोडून जिना चढल्याबद्दल. मिस्त्री हो म्हणाला. त्यासाठी दोन दिवस आत बसणं निराळं लागणार होतं. मग उतरलेल्या अकरा फायली एकेक करून लावल्या.

सहाव्या फाइलपाशी मेहुण्याचा वकील उठला. मिस्त्रीने त्या कधी ऐकल्या नव्हत्या. हिंमत झाली नव्हती. आता ऐकल्या. पट्टा, बारकी, मेहुण्याचं मोजणं. आणि त्याखाली, फरशीच्या पलीकडून, त्याच्याच दुकानातला रेडिओ. आधी हळू. मग अचानक मोठा.

वकिलाचा डाव साधा होता. हा माणूस बरोबर खाली बसतो. रेडिओ वर ऐकू येतो, तर किंकाळ्या खाली ऐकू यायला हव्यात. याच बहिणीसाठी याने दोन दात पाडले होते. हा ऐकून गप्प बसेल? म्हणजे हे रेकॉर्डिंग बनावट आहे, दोघा भावंडांनी जोडून केलेलं. या क्षेत्रातला कारागीरच आहे तो.

मग त्याने मिस्त्रीला विचारलं, “हे रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?”

नाही म्हटलं असतं तर इज्जत राहिली असती आणि फायली गेल्या असत्या. मिस्त्रीने बारकीकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

“आलं होतं,” तो म्हणाला. “सगळं आलं होतं. वर जायची बंदी होती. ऐकवेना, म्हणून आवाज मी मोठा केला.”

“कोणाचा आवाज?”

“रेडिओचा.”

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. वकील खाली बसला. दुपारी हुकूम झाला. मेहुणा आतच राहील, आणि बाहेर आला तरी त्या इमारतीच्या आसपास फिरकणार नाही.

बाहेरच्या ओसरीत दोघं बाकावर बसली. ती त्याच्या उजव्या बाजूला, चांगला कान त्याच्याकडे करून. 

“किती वेळा?” तिने विचारलं.

“मोजलं नाही.”

“मी मोजलं,” ती म्हणाली. “रेडिओ लागला की कळायचं, तुला कळलंय.”

ती उठली. तो उठायला गेला तर डाव्या बाजूची पायरी त्याला दिसली नाही, तोल गेला. तिने धडधाकट हाताने त्याची बाही पकडली. रस्ता ओलांडेपर्यंत सोडली नाही. पलीकडे गेल्यावर सोडली आणि दोन पावलं पुढे चालू लागली.