पळसाचा रंग आणि घरचा सर्व्हर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – तिला माझ्या दुकानातली ती मशीन अजून माझं कर्तृत्व वाटते. मलाही वाटते, खोटं कशाला बोलू?

दोन हजारच्या दशकात वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पवनारला माझी सुमनआत्या चार बायकांना घेऊन हातमागावर ओढण्या, चादरी विणायची आणि पळसाच्या फुलांत रंगवायची. तो केशरी-पिवळा रंग तिचा स्वतःचा, अगदी रानातून फुलं वेचून आणण्यापासून. तिच्या मालाची वेबसाइट मी बनवली. आता ती ठेवायची कुठे? तयार सेवा मिळत होत्या – महिन्याचं भाडं भरा, बाकी सगळं ते सांभाळणार. मी हसलो. आजोबांनी कातलेल्या सुताचे कपडे घालून वर्ध्यात वाढलेला मी – माझी साइट भाड्याच्या घरात? आपला हात जगन्नाथ! जुने सुटे भाग जोडून मी साइट चालवणारी मशीन, म्हणजे सर्व्हर, दुकानातच उभा केला. एकट्यानं, पुस्तकं वाचून. आसपास दुसऱ्या कुणाकडे होता सांगा? आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “आमच्या भाच्यानं घरीच बनवलं, कोणाचं मिंधं नाई.” माझी छाती फुगायची.

उन्हाळ्यात लोडशेडिंग सुरू झालं. इन्व्हर्टर मान टाकायचा आणि साइट दुपारभर बंद. मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण भाड्यानं जागा घ्यायची म्हणजे हरलो म्हणायचं – ते मला जमेना.

नागपूरच्या प्रदर्शनात एका पुण्याच्या व्यापाऱ्याला आत्याचा माल आवडला. बाकीचे नमुने साइटवर बघून मोठी ऑर्डर देतो, म्हणाला. कार्डावर नंबर माझा, म्हणून फोन मलाच आला – तुमची साइट उघडतच नाही, मी दुसरीकडे ऑर्डर देऊन टाकली.

आत्या विचारायला आली. आणि मी – होय, मीच – म्हणालो, “त्याले रंग नाई आवडला, आत्या. लय भडक हाये म्हणे.”

“भडक?” एवढंच म्हणाली ती.

त्यानंतर तिनं पळस सोडला. बाजारातला फिकट रंग आणून वापरू लागली. मी मात्र आठवड्याभरात साइट गुपचूप भाड्याच्या जागेत हलवली. झकास चालली. दुकानातली मशीन तशीच सुरू ठेवली – दिवे लुकलुकायचे, आत काही नाही. लोक बघायला यायचे आणि मी ऐटीत दाखवायचो.

एकदा आत्या पवनारच्या बसनं आली. पिशवीतून एक कापड काढलं. पळसाचं, शेवटचं उरलेलं.

“आता हे कोण घेते? तुह्या मशीनवर धूळ बसून राह्यली, झाकून ठेवजो. तिच्यानंच तं आपलं नाव झालं.”

तिच्यादेखतच मी ते मशीनवर घातलं, कडा सारख्या केल्या. रंग भडक नव्हता.