स्वयंपाकघराचं अर्धं दार

आमच्या नव्या स्वयंपाकघरातला पहिला ओटा मी घणाने फोडला. सिमेंट अजून ओलं होतं, त्यामुळे फार जोर लागला नसता, पण मी लावला. पहिल्याच घावाला कोपरा गेला. विटांची वरची रांग ढासळली तेव्हा गवंडी थापी टाकून पळाला, तो थेट बांधावरच्या आंब्याखाली जाऊन उभा राहिला.

त्या ओट्याने माझं काय घोडं मारलं होतं ते सांगते. माले गावातलं आमचं कौलारू घर उतरवून आम्ही स्लॅबचं बांधत होतो. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊ, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा, माझा नवरा, मी आणि नुकती चालायला लागलेली माझी मुलगी. जुन्या घरात सगळा स्वयंपाक बसून व्हायचा. गॅस आला तरी शेगडी ठेवली कडप्प्याच्या तुकड्यावर, जमिनीपासून वीतभर उंच. उतरवलेलं पातेलं जमिनीवर, विळी पातं वर करून जमिनीवर, रॉकेलची बाटली कोपऱ्यात जमिनीवरच. आणि या सगळ्यातून वाट काढत रांगणारी मुलं.

जावेचा मुलगा असाच रांगत असताना त्याने हुलग्याच्या उकळत्या कढणात कोपरापर्यंत हात घातला. मी तेव्हा या घरात आले नव्हते. घरात सांगितलं जायचं ते असं, की जावेने पातेलं चुलीवरून उतरवून खाली ठेवलं आणि ती धुणं वाळत घालायला परड्यात निघून गेली. पोराला पौडला दवाखान्यात नेलं. मलमपट्टी करून आणलं तेव्हा अंगणात, सगळी आळी बघत असताना, सासूबाईंनी जावेच्या मुस्काटात मारली. तिच्या कडेवर ते भाजलेलं पोर होतं. हे मला शेजारणीने सांगितलं, आणि सांगताना तिने स्वतःच्या गालावर हात ठेवला होता.

पोराचा हात बरा झाला, पण कातडी दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली राहिली. जाऊ तेव्हापासून मूग गिळून बसली ती बसलीच. पोरगा हट्टाला पेटला की तोच हात उगारायचा, आईच्या पाठीत दणादण मारायचा आणि ओरडायचा, "तूच भाजलंस मला!" सासूबाई हसायच्या. "ध्यानात हाय लेकराच्या," म्हणायच्या. जाऊ पाठ वळवून मार खाऊन घ्यायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी पोराला दंडाला धरून गदगदा हलवलं, तर जाऊच मध्ये पडली. मला वाटायचं, झाली असेल बाईच्या हातून चूक, म्हणून काय जन्मभर मार खायचा?

मुलगी चालायला लागली आणि माझी झोप उडाली. डोळा लागला की मला तिचा हात पातेल्यात दिसायचा. घर बांधायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला सांगून टाकलं, की देवघर कुठेही करा, संडास कुठेही करा, स्वयंपाकघर मी सांगेन तसं होईल. तो हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आलेला माणूस, "कर काय करायचं ते," म्हणाला.

महाळुंग्याला माझी बहीण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिथलं स्वयंपाकघर पाहून यावं म्हणून गेले. दिसायला चकचकीत, पण हॉलमधून मूल पळत सुटलं की थेट शेगडीवर जाऊन आदळेल अशी रचना, आणि गॅसचे खटके मुलाच्या बरोबर नाकासमोर. या घरांत लहान मुलं राहणार हे बांधणाऱ्याला कुणी सांगितलंच नसावं. परत आले आणि विटेच्या तुकड्याने नव्या घराच्या कोब्यावर माझं स्वयंपाकघर आखलं. ओटा माझ्या कमरेएवढा. शेगडी दारापासून लांब, भिंतीकडे सरकवलेली, म्हणजे कढईचा दांडा बाहेर डोकावणार नाही. शेगडीशेजारी ऐसपैस मोकळी जागा, तापलेलं काहीही तिथेच उतरवायचं. सिलेंडर भिंतीपलीकडे. विळीला खुंटी, तीही माझ्या डोक्यावर. फिनेल आणि औषधं वरच्या फळीवर. आणि आत यायच्या वाटेवर एक अर्धं दार, छातीएवढं, कडी आतल्या बाजूला.

हे अर्धं दार माझ्या माहेरचं. आमच्याकडे शेरडं होती. करडं उबेला चुलीशी यायची आणि निखाऱ्यात तोंड घालायची, म्हणून आईने सैपाकाच्या खोलीला बुटकं दार लावून घेतलं होतं. आतून आईचं लक्ष बाहेर राहायचं, बाहेरून आम्ही पोरं आणि करडं माना वर करून आत बघायचो. आमच्यातलं कुणी कधी भाजलं नाही.

सासूबाईंना ते ऐकूनच मिरच्या झोंबल्या. "शेरडं कोंडत्यात तसल्या दारानं? माजी नातवंडं शेरडं हायेत व्हय?"

"शेरडं बरी, आत्या. एकदा चटका बसला की शानी हुत्यात."

"दुधानं तोंड भाजल्यालं ताक फुकून पितंय म्हनत्यात. तुजं तर तोंडबी भाजलं न्हाई आन् तू फुकाय लागलीस."

"भाजायच्या आदी फुकलं तर काय बिगाडतंय?"

मी माहेरी एका लग्नाला गेले आणि परत येऊन बघते तर गवंड्याने ओटा बांधलेला, गुडघ्याएवढा. पाटावर बसून हात पोचेल असा. माझी मुलगी त्याच्या कडेला टेकून उभी होती आणि वर थापट्या मारत होती. तिची हनुवटी बरोबर ओट्यावर टेकत होती, शेगडी जिथे येणार तिथे.

गवंडी म्हणाला, "आजी म्हनल्या, हुबं ऱ्हाऊन शिजवल्यालं अंगी लागत न्हाई."

मग मी मुलीला उचलून बाहेर ठेवलं आणि घण घेतला.

सासूबाई ओरडत आल्या आणि त्यांनी मुठीत सापडलेला सिमेंटचा ओला माल माझ्या तोंडावर फेकला. डोळ्यात गेला. नवरा धावत आला, त्याने हात उगारला. मी एका डोळ्याने बघत घण खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "हात खाली घ्या. न्हाईतर आज हितं कुनाचंतरी काहीतरी मोडंल." त्याने हात खाली घेतला. मला त्या क्षणी खरोखर वाटत होतं की मी मारीन, आणि त्यालाही ते दिसलं असणार. जाऊ भिंतींवर पाणी मारत उभी होती. तिने पाइप खाली टाकला नाही की मला आवरलं नाही. फक्त पाण्याची धार फुटक्या विटांवर वळवली, म्हणजे मला धूळ लागणार नाही.

दुसरा ओटा कमरेएवढा झाला. सासूबाईंना उभं राहवत नाही हे खरं होतं, त्यांचे गुडघे गेले होते. म्हणून मी उंच स्टूल करून घेतलं. त्या त्यावर बसल्या नाहीत, कोंबडीला बसवलं. अर्ध्या दाराची कडी त्या येता-जाता आपटायच्या. जेवताना भांडण, झोपताना भांडण. एके दिवशी नवऱ्याने ताट भिंतीवर भिरकावलं, नव्या रंगावर आमटीचा ओघळ गेला. तो डाग अजून आहे.

मग वास्तुशांत आली. आमच्याकडे नव्या घरात पहिलं दूध उतू घालतात. इतर घरी ते आता गॅसवर होतं, पण आमच्या घराण्याची रीत अशी, की जमिनीवर तीन विटा मांडायच्या, गोवऱ्या पेटवायच्या, पितळी पातेल्यात दूध ठेवायचं आणि घरातली मुलं पुढ्यात बसवायची. दूध उतू जाताना पोरांनी बघितलं तर बरकत त्यांच्यामागे येते म्हणे. मुलं जितकी जवळ, तितकी बरकत जास्त.

"आत्या, वट्यावर ठिवा. तिथनंबी उतूच जाईल की," मी म्हणाले.

"हितं तुजा घण चालनार न्हाई," त्या म्हणाल्या.

सकाळी बघते तर अर्धं दार बिजागऱ्यांतून उतरवून मागे परड्यातल्या शेरडांच्या खोपटाला टेकवलेलं. सवाष्णींना वाट अडते म्हणून. पाहुण्यांनी घर भरलेलं होतं. मी ठरवलं, आजचा दिवस मुलगी कडेवरून उतरवायचीच नाही. आणि नाहीच उतरवली. पण गुरुजींनी पूजेला आम्हा जोडप्याला बोलावलं, नवरा दारातून हाका मारायला लागला, आणि तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या कडेवरून मुलीला काढून घेतलं. "आन् हिकडं, मी बघत्ये तिला." इतक्या बायांसमोर मी ओढाताण केली नाही, चार पावलं बाहेर गेले.

हाकाटी ऐकून वळले. "आलं, आलं, उतू आलं!" बाया ओरडत होत्या. दारात गर्दी. मी कोपरांनी बाया ढकलत आत घुसले, एकीच्या बांगड्या फुटल्या. माझी मुलगी विटांपासून हातभर अंतरावर पाटावर बसलेली. शेजारी जावेच्या पोराला बसवत होते, आणि तो बसत नव्हता. वाफ बघून तो मागे मागे सरत होता, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. सासूबाई त्याला त्याच सुरकुतलेल्या हाताला धरून पुढे ओढत होत्या. "मर्द हायेस ना? भितुयास काय!"

दूध काठावर आलं, फसफसून वर चढलं. माझ्या मुलीने टाळी वाजवली, पाटावरून उठली आणि दोन्ही हात पुढे करून त्या पांढऱ्या फेसाकडे निघाली. माझ्या आणि तिच्यामध्ये अजून तीन-चार बाया होत्या. मी किंचाळले, ते त्या आरोळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही.

जावेने लाथ मारली.

अनवाणी पायाने, पूर्ण ताकदीने, त्या तापल्या पातेल्याला. पातेलं विटांवरून उडालं, पलीकडे मोरीच्या भिंतीवर आदळलं, दूध फरशीवर सळसळत गेलं. त्या बाजूला कुणी नव्हतं. त्याच झटक्यात तिने माझ्या मुलीला फ्रॉकला धरून मागे फेकलं, ती येऊन माझ्या पायांवर आपटली आणि रडायला लागली. मी तिचे हात बघितले, उलटे करून बघितले, पुन्हा बघितले. कोरडे होते.

कुणीतरी म्हणालं, "अगं, लक्ष्मीला लाथ!" सासूबाईंनी एका हाताने नातवाला धरलेलंच होतं, दुसरा हात त्यांनी जावेवर उगारला. जावेने तो वरच्या वर मनगटाला पकडला. असा पकडला की सासूबाईंच्या तोंडून आवाज निघाला. आणि जी बाई माझ्या लग्नापासून माझ्यासमोर धड एक वाक्य बोलली नव्हती, ती सगळ्या पाहुण्यांसमोर बोलली.

"त्या दिशी पातेलं मी न्हाई ठिवलं खाली. मी धुनं वाळत घालत हुते. पातेलं तुमी उतरावलं, तुमी ठिवलं, आन् थोबाडीत माज्या मारली."

सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी नातवाच्या हाताकडे बघितलं, जसं काही तो तापलेला असावा तसा सोडला आणि पाटावर खाली बसल्या. थोरले दीर दारात उभे होते. त्यांनी आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि बाहेर निघून गेले. मला त्यांच्या मागे जाऊन त्यांना बडवून काढावंसं वाटलं.

जावेचा पाय पावलापासून घोट्यापर्यंत लाल झाला होता. कुणी म्हणे टूथपेस्ट लावा, कुणी म्हणे हळद. मी सगळ्यांवर खेकसले, तिला धरून मागच्या नळाखाली बसवलं आणि पाण्याची धार सोडली. "आक्का, एवढी वर्सं बोलली का न्हाईस?" मी विचारलं.

"कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

मी रडले नाही, पण मला फार शरम वाटली, सगळ्या घराची वाटली. त्या घराने पोराला आईविरुद्ध वाढवलं होतं, आणि ती गप्प राहून मार खात आली होती. एवढ्यात ती म्हणाली, "जा, दार आन आधी." मी खोपटापाशी गेले, दार डोक्यावर घेतलं आणि जेवणाच्या पंगतीमधून आत आणलं. बिजागऱ्यांत खिळे ठोकताना मी हातोडा नको इतक्या जोरात मारत होते. पाहुणे भराभर जेवून उठले. सासूबाई ओल्या फडक्याने फरशीवरचं दूध पुसत होत्या, त्यांनी दाराकडे मान वर केली नाही.

परत नळापाशी आले तर जावेचा मुलगा आईसमोर उकिडवा बसला होता. तिच्या पायावरून वाहणारं पाणी बघत होता. मग त्याने आपला सुरकुतलेला हात त्या पाण्यात धरला आणि म्हणाला, "आई, म्हंजी मला तू न्हाई भाजलंस?"

"न्हाई रं राजा."

त्याने हात पाण्यातून काढून चड्डीला पुसला.

"मग मी तुला उगंच मारत हुतो."

उकळत्या पातेल्याला लाथ मारताना जी बाई हूं की चूं करत नाही, ती तेव्हा पदर तोंडात कोंबून रडायला लागली.