स्वातीवरचा ढग

आज संध्याकाळी स्वाती नक्षत्राच्या ताऱ्यावर विरळसा ढग आला. आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात उपग्रहाचं तेज शेजारच्या ताऱ्याशी ताडून नोंदवतात. मागच्या रविवारी माझी नोंद वाचून मंडळातले ज्येष्ठ नेने सर सगळ्यांसमोर हसले होते, "बाई, विमान बघितलंत तुम्ही!"

आज ते गच्चीवर माझ्या शेजारीच होते. उपग्रह स्वातीजवळून सरकत गेला. "स्वातीपेक्षा दुप्पट ठळक! लिहा," ते म्हणाले. ढगाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दुसरा झाकोळला की कुणीही ठळक दिसतं. सर स्वतः वर्षानुवर्षं असेच तर चमकत आलेत.

"नोंद तुमच्याच अक्षरात असू दे, सर. रविवारी सगळ्यांसमोर वाचायचीय," मी म्हणाले आणि पेन्सिलीला छान टोक करून दिलं.