हरवलेल्या नवऱ्याचं वर्णन

ठाकुर्लीच्या नंदा सकपाळ हौशी नाटकांत मुरलेल्या. म्हणूनच सिद्धेशने आपल्या पहिल्या सिनेमातलं गूढ बाईचं काम त्यांना दिलं. सिनेमा विनोदी, जुन्या काळ्या-पांढऱ्या गुप्तहेरपटांची खिल्ली उडवणारा. डोंबिवलीच्या उकाड्यात ओव्हरकोट घालून फिरणारा खुळा गुप्तहेर, आणि तोंडावर काळी जाळी ओढून त्याच्याकडे येणारी बाई. तिचा नवरा हरवलेला.

"जमेल ना, ताई?"

"जमेल की," नंदाताई म्हणाल्या. त्यांचा नवरा रतन टिटवाळ्याला प्लॉट बघून येतो म्हणून गेलेला, तो परत आलाच नव्हता. हे त्या सिद्धेशला बोलल्या नाहीत. नातेवाइकांनी हळहळून हळहळून तो विषय कधीच संपवला होता.

कोलशेतच्या एका बंद कारखान्यात शूटिंग झालं. गुप्तहेराने टेबलाचा खण उघडून आत डोकावलं. "यात तर नाहीत. दिसायला कसे होते?"

'दोन डोळे, एक नाक' असं उत्तर पाठ होतं. नंदाताईंनी जाळी वर सारली आणि त्यांच्या तोंडून भलतंच आलं. "डाव्या भुवईत खोक पडलेली. चहा बशीत ओतून आधी मला द्यायचे. रागावले की शीळ घालायचे."

गुप्तहेर गडबडला. त्याने समोरची बशी उचलून तिच्याखाली पाहिलं, आणि सगळे हसून लोळले.

"ताई, हेच ठेवतो," सिद्धेश म्हणाला.

सिनेमा कल्याणच्या थिएटरात लागला. नंदाताई रोज दुपारच्या खेळाला जायच्या, पुढच्या कडेच्या खुर्चीत बसून मागे वळून चेहरे बघायच्या. रतन कुठे असलाच, तर स्वतःचं वर्णन ओळखेल. त्या वर्णनाला मात्र सगळं थिएटर हसायचं. ते हसणं मग घरापर्यंत मागे यायचं. भांडी घासताना नळाच्या आवाजात ऐकू यायचं, आणि त्यातच कुठेतरी बारीक शीळ.

शेवटच्या दिवशी एक माणूस हसला नाही. तो उठून बाहेर गेला. नंदाताई मागोमाग गेल्या. जिन्यापाशी तो वळला. कोणी भलताच तरुण होता.

"माझा भाऊ असाच गेलाय," तो म्हणाला. "चौकीत मी पण असंच काहीबाही सांगितलेलं. तिथेही एक जण हसलेला." मग त्याने त्यांना ओळखलं. "तुमचे... सापडले?"

नंदाताईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्या पायरीवर बसल्या. "भावाचं नाव काय?"

"सर्वेश."

तो शेजारी बसला, सर्वेशबद्दल बोलत राहिला. आतला खेळ सुटला, माणसं त्यांना वळसा घालून उतरली. त्यानंतर नंदाताई रतनबद्दल सांगू लागल्या, कितीतरी वर्षांनी, अगदी सावकाश.