अव्वांची कोंबडी

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, उकळीचा आवाज सहन होत नसे. चुलीवर आमटी खळखळायला लागली की त्या ओसरीवरून ओरडायच्या, "कोणाला नाचून दाखवायलीस ते? जाळ वढ माघारी, झाकण टाक. आतल्या आत शिजू दे." झाकणसुद्धा खोलगट हवं. त्यात पाणी ओतायचं, आणि ते तापलं की तेच आमटीत घालायचं. "जाळ भांड्याला द्यावा, भिंतीला न्हाई," हे त्यांचं सगळं शास्त्र.

माझं माहेर नांदेडचं, वडील मास्तर. घरात भांड्यांत तोंड दिसायचं, आणि तेवढाच काय तो माझ्या अंगी गुण. लग्न होऊन लातूरला आले ते दुष्काळाचं वर्ष. शेतात तूरच नाही म्हणून जाळायला तुराट्या नाहीत, आणि रेशनच्या रॉकेलची बातमी आधी यायची, रॉकेल मागून. अंगणात शहाबादी फरशीवर एक काळाकुट्ट हंडा उन्हात ठेवलेला असायचा. नव्या सुनेनं करून दाखवावं म्हणून मी तो राखेनं घासून लख्ख केला. अव्वांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"हातात लई ताकद हाय गं पोरी. एवढा चमकवलीस, आता ऊन त्यात तोंड बघून माघारी जाईल."

काळ्या हंड्यातलं पाणी दुपारपर्यंत आंघोळीजोगं तापायचं, सरपणाची काडीही न लावता. मग मला तेलात काजळी कालवून तो पुन्हा काळा करावा लागला. सासरी मी केलेलं पहिलं काम ते हे.

संध्याकाळी अख्ख्या घरात एकच बल्ब लागायचा, मधल्या खोलीत. "माणसं दिव्यापाशी येत्याती, दिव्यानं माणसामागं हिंडू न्हाई." त्याखाली मामंजी पेपर वाचत, थोरल्या जाऊबाई तांदूळ निवडत, आणि आम्ही नवविवाहित जोडपं समोरासमोर बसून बोलत असू. सासऱ्यांच्या देखत नवरा-बायकोनं बोलायचं तरी काय? आम्ही तुरीच्या भावावर बोलायचो. लग्नाच्या पहिल्या वर्षात मला आडतीतलं जेवढं कळलं तेवढं पुढे कधी कळलं नाही.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. गावात जो तो छाती काढून चालायला लागला. यांना नव्या कचेरीत नोकरी लागली आणि पाठोपाठ गॅसचा नंबरही लागला. माझ्याही अंगात जिल्हा संचारला. शेगडी माझी, तर स्वयंपाकघरही माझं हवं.

"उस्मानाबादेतून लातूर वेगळा झालाच की, अव्वा," मी म्हटलं.

"झाला. त्याला कलेक्टर मिळाला. तुला काय मिळणार?"

"गॅस."

मामंजी पेपराआड हसले. अव्वा हसल्या नाहीत. "चूल वेगळी झाली की आधी ताटं वेगळी होत्याती, मग माणसं. माझ्या माहेरी उदगिरात झालं ते. भाऊ भावाच्या दारावरून मान खाली घालून जातो. हितं नगं व्हायला."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच बियाण्याची खोली रिकामी करून दिली. नव्या शेगडीवर दूध उतू घालायची रीत, तीही त्यांच्याच हातून. उकळीच्या वैरीण त्या; दुधाचा पहिला थेंब भांड्याबाहेर पडला मात्र, त्यांनी चटकन बटण फिरवलं. "झालं. देवाला कळलं."

माझा संसार जोरात सुरू झाला. उकळ्या फुटत होत्या, आच भिंतीला लागत होती, विचारणारं कोणी नव्हतं. त्यामुळे टाकी लवकर संपली. दुसरीचा पत्ता नाही. पलीकडच्या चुलीवर जायचं तर नाक आडवं आलं. मी यांना सकाळी सुसला दिला, संध्याकाळीही सुसला. चुरमुरे भिजवून फोडणी द्यायची, म्हणून रॉकेलही थोडंच लागायचं. शेवटी हे म्हणाले, "अगं, मला कचेरीत चुरमुऱ्यासारखं हलकं वाटायलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या बोळीत अव्वांची कोंबडी बसलेली दिसली. कोंबडी म्हणजे लाकडी खोकं, आत करडईचं भूस ठासलेलं आणि मधोमध पातेल्यापुरती खोबण. डाळीला चुलीवर एक उकळी आणायची, पातेलं झाकणासकट खोबणीत बसवायचं, वर गोधडी. दुपारपर्यंत डाळ आपोआप शिजून मऊ. भूस करडईचंच, कारण ते काटेरी, ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. मी एकदा कडबा घालायला सुचवलं तर म्हणाल्या होत्या, "ढोरांच्या तोंडचा काढून डाळ उबवू व्हय?" आमचं घर पक्कं शाकाहारी. "कोंबडी बसवली का गं?" ही त्यांची हाक पहिल्यांदा ऐकून माझे वडील आलेल्या पावली नांदेडची एसटी गाठायला निघाले होते.

पण हे खोकं नवं होतं, मोठं. त्यात खोबणी दोन होत्या.

"आण तुझं पातेलं," अव्वा म्हणाल्या. "कोंबडीला दोन अंडी जड न्हाईत."

पुढं टाकी आली, तरी माझी डाळ बोळीतच उबत राहिली. भाकरी दोन ठिकाणी व्हायच्या. पण दुपारी गोधडी उचलायला जाऊबाई आणि मी एकदमच यायचो. दोन्ही पातेली शेजारी शेजारी वाफाळत असायची, आणि "तुझी बघू कशी झालीय" म्हणता म्हणता बोळीतच ताटं मांडली जायची. चुली दोन राहिल्या, पंगत एकच झाली. अव्वा मध्ये बसून दोन्हीकडची आमटी घ्यायच्या आणि दोन्हीला नावं ठेवायच्या.

मग यांची भोकरला बदली झाली आणि आम्ही तिकडं बिऱ्हाड केलं. पहिल्या सुट्टीत मी लातूरला आले आणि बोळीत डोकावले. जाऊबाईंचं पातेलं जागेवर होतं. शेजारची खोबण मोकळी, आत नुसती घडी घातलेली जुनी चादर.

"अव्वा, ही खोबण भूस भरून बुजवा की. रिकामी जागा ऊब खाते, तुम्हीच सांगता."

"खाऊ दे," अव्वा चादर बाहेर काढत म्हणाल्या. "बुजवली, तर तू आल्यावर तुझी डाळ कुठं बसवू?"